वाढवणचे बंदर आणि जिल्हा परिषदेची शाळा

डहाणू तालुक्यातील वाढवणच्या किनाऱ्यावर होऊ घातलेल्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मान्यता दिली. त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणीचा समारंभ पार पडला. सुमारे ७६ हजार कोटी रुपये खर्चाच्या या प्रकल्पात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के, तर महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. त्यातून दहा लाखांच्या आसपास रोजगार निर्माण होतील असे शासनाने मंजुरीच्या वेळी सांगितले होते. मच्छीमार, बागायतदार आणि डायमेकर यांनी या बंदराला वर्षानुवर्षे केलेला विरोध वाचकांना ठाऊक आहे. समुद्रात भराव टाकल्यावर मासेमारीचे काय होणार, ही त्यांची शंका आजही तितकीच जिवंत आहे. तथापि बंदर हवे की नको, हा वाद आज येथे उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांला विचारावयाचे आहे ते वेगळेच. जे रोजगार येणार म्हणून सांगितले जाते, ते पालघर जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत आज शिकत असलेल्या मुलामुलींच्या हाती लागतील काय?

हा प्रश्न बंदराच्या कंपनीला विचारून भागणार नाही. तो शाळेलाच विचारावा लागेल.

बंदर म्हटले की खांद्यावर पोते घेतलेला हमाल आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. ते चित्र केव्हाच पुसले गेले आहे. आजचा माल वीस किंवा चाळीस फुटी लोखंडी पेट्यांतून येतो. या कंटेनरांना माणसाचा हात लागत नाही. जहाजावरून पेटी उचलणे, ती आवारात नेमक्या जागी ठेवणे, कोणती पेटी आधी बाहेर जाणार त्यानुसार थर रचणे, हे सारे संगणकाच्या आज्ञेने चालते. क्रेन चालविणारा माणूस पुष्कळदा क्रेनवर नसतोच. तो दूरच्या एका खोलीत पडद्यासमोर बसलेला असतो. शीतपेट्यांतील तापमानावर लक्ष ठेवणारा तंत्रज्ञ, वीजजोडणी आणि हायड्रॉलिक यंत्रणेची दुरुस्ती करणारा कारागीर, सीमाशुल्काची कागदपत्रे बिनचूक भरणारा कारकून, अशी ही कामे आहेत. प्रवेशद्वाराच्या आत माणसे तुलनेने थोडी लागतात. बाहेरच्या गोदामांत आणि वाहतुकीत अधिक लागतात, पण तेथेही मालाची नोंद यंत्राने घ्यावी लागते आणि पडद्यावरची सूचना वाचून समजून घ्यावी लागते. ज्याला यांपैकी काहीच जमत नाही, त्याच्यासाठी पहारेकऱ्याची, झाडलोटीची आणि चढ-उतार करणाऱ्याची जागा तेवढी उरते. स्थानिकांना प्राधान्य देण्याचे आश्वासन अशा जागा भरून पाळले गेले, तर कागदोपत्री ते खोटे ठरणार नाही. आम्हांला भीती वाटते ती नेमकी याचीच.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती केरळात पाहावयास मिळते. तिरुवनंतपुरमजवळच्या विळिंजम बंदराविरुद्ध २०२२ च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत तेथील लॅटिन कॅथलिक मच्छीमारांनी आपल्या धर्मगुरूंसह मोठे आंदोलन केले. किनारा खचतो आहे, घरे जात आहेत, हे त्यांचे दुःख खरे होते, आणि बंदर झाल्याने ते मिटलेले नाही. मे २०२५ मध्ये त्या बंदराचे औपचारिक उद्घाटन झाले. आवारातील स्वयंचलित क्रेन चालविणाऱ्या चमूत आज त्याच किनाऱ्यावरच्या तरुणी आहेत. पडद्यासमोर बसून त्या कंटेनर हलवितात. या मुली एका रात्रीत तयार झाल्या नाहीत. बंदराने दिलेले प्रशिक्षण काही महिन्यांचे असेल, पण त्याआधी शाळेने आणि महाविद्यालयाने त्यांच्यावर कित्येक वर्षे खर्ची घातली होती. प्रशिक्षण घेता येण्याइतके शिक्षण त्यांच्यापाशी आधीच होते.

आपल्याकडे घोडे अडते ते येथेच. ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्वेक्षणाचा २०२४ सालचा अहवाल सांगतो की, देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी जेमतेम ४४.८ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकतात. त्याच्या आदल्या वर्षीचा अहवाल चौदा ते अठरा वयोगटातील मुलांविषयी होता. निवडक ग्रामीण जिल्ह्यांत केलेल्या त्या पाहणीत, सुमारे पाव मुलांना आपल्याच भाषेतील दुसरीचा उतारा सरळ वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून अधिकांना जमले नाही. आणि याच वयातील केवळ ५.६ टक्के मुले कोणते ना कोणते व्यावसायिक प्रशिक्षण घेत होती. त्यांतही बहुतेकांचे अभ्यासक्रम सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीचे होते. मोबाइल मात्र जवळपास प्रत्येक घरात पोहोचलेला आहे. तेव्हा ‘आमच्या मुलांना तंत्रज्ञान येत नाही’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. बोट पडद्यावर सफाईने फिरते. पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचून त्याचा अर्थ लावणे जमत नाही.

यंत्र चालविण्याच्या सूचना, सुरक्षिततेचे नियम, वजनमापांचे तक्ते, हे सर्व वाचावे लागते. भागाकार न येणाऱ्या मुलाला वीजभार काढावयास शिकविणारा निदेशक अजून जन्मास यावयाचा आहे. म्हणून वाचन आणि गणित एका बाजूला आणि कौशल्ये दुसऱ्या बाजूला, अशी जी वाटणी आपल्याकडे केली जाते ती आम्हांस मान्य नाही. पहिले आणि सर्वांत उपयोगाचे कौशल्य वाचनच होय.

शाळेने हाताला काम शिकवावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा प्राथमिक शाळेत लेखन, वाचन आणि हिशेब यांच्या जोडीने शेती आणि आरोग्य यांचेही ज्ञान द्यावे अशी मागणी केली होती. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींची नयी तालीम त्यातून पुढे आली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा तयार केला. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शब्द शाळेत आणला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर आकडाच बांधून दिला. १९९० पर्यंत उच्च माध्यमिक स्तरावरील दहा टक्के आणि १९९५ पर्यंत पंचवीस टक्के विद्यार्थी व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळवावयाचे, असे ठरले. महाराष्ट्रात त्याच सुमारास किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजे आपल्या परिचयाचे ‘एमसीव्हीसी’, सुरू झाले. काही ठिकाणी ते उत्तम चालले. परंतु पंचवीस टक्क्यांचे लक्ष्य देशाला गाठता आले नाही.

त्या कार्यानुभवाचे पुढे काय झाले, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. आठवड्यातील शेवटची तासिका, कागदाची फुले, लिफाफे, राखीपौर्णिमेच्या आधी राख्या, आणि वर्षाच्या शेवटी आईने रात्री जागून पूर्ण केलेली प्रकल्पवही. परीक्षेचे दिवस जवळ आले की ती तासिका गणिताला जायची. याबद्दल शिक्षकाला दोष देण्यात हशील नाही. ज्या विषयाला शिक्षक नाही, साहित्य नाही आणि दहावीच्या गुणपत्रिकेत वजन नाही, त्या विषयाची तासिका कोणीही पळवणारच.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाकडे वळू. या धोरणाने रोगाचे निदान स्वच्छ शब्दांत केले आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेतील अंदाजाच्या आधारे ते सांगते की, भारतात एकोणीस ते चोवीस वयोगटातील कामगारांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी जणांनी औपचारिक व्यवसायशिक्षण घेतलेले आहे. हेच प्रमाण जर्मनीत ७५, तर दक्षिण कोरियात ९६ टक्के असल्याचे तेथे नमूद केले आहे. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम पाहावे, करावे, अशी त्यात सूचना आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने आणखी पुढे जाऊन सहावीपासून दहावीपर्यंत सर्वांना व्यवसायशिक्षण सुचविले. सजीवांशी संबंधित कामे, यंत्रे आणि साहित्य यांची कामे, आणि माणसांच्या सेवेची कामे अशी त्याची तीन अंगे ठरविली आहेत. एनसीईआरटीने सहावीसाठी ‘कौशल बोध’ नावाचे पुस्तकही २०२४ मध्ये काढले. हा विचार आम्हांला मनापासून पटतो. विशेषतः रुग्णसेवा, वृद्धसेवा आणि स्वयंपाक यांना यंत्रकामाच्या पंक्तीला बसविले, ही गोष्ट मोलाची आहे. मात्र २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय झालेला असेल, असेही धोरणात लिहिले होते. ते साल उलटून गेले आहे.

मग गाडी कोठे रुतली आहे? आमच्या मते, शिकविणाऱ्यापाशी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाने, सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण या विषयांसाठी निदेशक नेमावेत असे सांगितले. पण ते अंशकालीन. महाराष्ट्रात असे निदेशक नेमले गेले. तुटपुंज्या मानधनावर त्यांनी काम केले आणि सेवा चालू राहावी म्हणून त्यांना वारंवार शासनाचे व न्यायालयाचे दरवाजे ठोठवावे लागले. नववीपासून पुढच्या वर्गांना समग्र शिक्षा अभियानातून जे व्यवसायविषय शिकविले जातात, तेथील प्रशिक्षक पुष्कळदा खासगी संस्थांमार्फत कंत्राटी पद्धतीने घेतले जातात. वर्ष सरले की पुढील नेमणुकीची वाट पाहावयाची. ज्या माणसाला पुढच्या जूनमध्ये आपण या शाळेत असू की नाही हे ठाऊक नसते, त्याने मुलाला ‘दहा वर्षांनी तुझा या विद्येवर चरितार्थ चालेल’ असे कोणत्या तोंडाने सांगावे?

आम्ही जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातील एका शाळेत गेलो होतो. तेथे कार्यालयाच्या कोपऱ्यात एक देखणे लोखंडी कपाट होते. त्यात विद्युतमंडलांचे संच, छोटी मोटर, स्क्रूड्रायव्हर, पक्कड असे सारे काही खोक्यांत नीट मांडलेले होते. खोक्यांवरची चिकटपट्टी अजून तशीच होती. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, “फादर, एक वस्तू हरवली तर वसुली माझ्याकडून होईल. शिवाय शिकवणार कोण? दोन शिक्षकांत पाच वर्ग आहेत आणि त्यांतला एक मतदारयाद्यांच्या कामावर.” त्यांचे आम्हांला काही चुकलेले वाटले नाही. साहित्य एकदा खरेदी केले की खर्च दिसतो, छायाचित्र निघते. शिक्षकाचा पगार दरमहा द्यावा लागतो आणि त्याचे छायाचित्र निघत नाही. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांतून ५० हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली आहे. त्या प्रयोगशाळांची कुलपे उघडणारा माणूस कोण, हे त्या घोषणेबरोबरच ठरावयास हवे होते.

याहून अवघड असा एक मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. कुंभाराच्या मुलाने चाक फिरवावे आणि चांभाराच्या मुलाने चप्पल शिवावी. लोकांनी त्या योजनेला ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण, असे नाव ठेवले आणि तिच्याविरुद्ध रान उठले. वर्षभरातच राजाजींना पद सोडावे लागले आणि कामराज यांनी १९५४ मध्ये ती योजना मोडीत काढली. पुढे त्याच कामराजांनी शाळांचे जाळे विणले आणि मुलांना दुपारचे जेवण दिले. औद्योगिक दृष्ट्या आज तमिळनाडू कोठे आहे हे सांगणे नको. या इतिहासातून आलेला संशय निराधार नाही. व्यवसायशिक्षण म्हटले की ते जिल्हा परिषदेच्या, आश्रमशाळेच्या, वारली आणि कातकरी पोरांसाठी. आपली मुले मात्र इंग्रजी माध्यमात जाऊन अभियंता होणार. बोलून दाखवीत नसलो, तरी आपल्यापैकी कित्येकांच्या मनात हेच असते, आणि आपल्या धर्मप्रांतातील संस्थाही याला सर्वस्वी अपवाद नाहीत. वसईत इमारतींवर इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा वीजजोडणी, नळकाम, लाकूडकाम करणारे बहुसंख्य हात बाहेरून आले. आपले तरुण पंखे असलेल्या कचेऱ्यांकडे पाहत राहिले. त्या कारागिरांनी पुढे स्वतःची दुकाने काढली, हेही आपण पाहिले.

म्हणून आमचे म्हणणे असे की, हातकाम शिकवावयाचे तर ते सर्वांना शिकवावे आणि दहावीपर्यंत कोणालाही त्यामुळे इतर विषयांपासून तोडू नये. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलीने वायर सोलावी आणि वीजतंत्री होऊ इच्छिणाऱ्या मुलाने कविता वाचावी. चौदाव्या वर्षी मुलाच्या कपाळावर धंद्याचा शिक्का मारणारी व्यवस्था, मग ती कितीही आधुनिक शब्दांत मांडलेली असो, आम्हांला नको आहे.

हे होऊ शकते, याचा दाखला दूर शोधावयास नको. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे दुष्काळी गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाचे मोठे पद सोडून १९८३ मध्ये तेथे गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. त्यांनी शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातील एक दिवस हाताने काम करावयाचे. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग. मुले वेल्डिंग करतात, विटांची भिंत रचतात, रक्तगट तपासतात, कोंबड्यांच्या खाद्याचा हिशेब मांडतात. शिकविणारे पुष्कळदा गावातलेच कारागीर असतात आणि केलेले काम गावाच्या उपयोगी पडते. माध्यमिक शिक्षण मंडळाने हा विषय मान्य केला आणि पुढे तो राज्यातील व राज्याबाहेरील शाळांतही गेला. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेच्या साहाय्याने त्याच पाबळला संगणकचलित यंत्रांची फॅब लॅब सुरू झाली. विळा, फावडे आणि लेझरने कापणारे यंत्र एकाच आवारात नांदतात, यात तेथील कोणाला विसंगती वाटत नाही. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. काम चालू आहे.

आता वाढवणकडे परत पाहा. वाढवण, वरोर, चिंचणी या पट्ट्यात घरोघर डायमेकिंगचा व्यवसाय चालतो. सोन्याच्या दागिन्यांची नक्षी ज्या ठशांतून उमटते, ते धातूचे ठसे हे लोक कोरतात. केसाएवढ्या रेषेचा हिशेब डोळ्याने आणि बोटाने ठेवणारे हे काम. त्याच घरातले पोर शाळेत गेले की कागदाचे फूल करते. बापाच्या हातातील ही विद्या भूमिती आहे, धातुशास्त्र आहे, हे त्याला शाळेत कोणी सांगत नाही. संगणकचलित यंत्रे आता तीच नक्षी कोरू लागली आहेत. ते यंत्र चालविण्यास सर्वांत लायक माणूस या डायमेकरचाच मुलगा आहे, मात्र त्याला रेखाटन संगणकावर घेता यावयास हवे. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो चिकू टिकवावा कसा, सुकवावा कसा, त्याचा दर्जा तपासून परदेशी पाठवावा कसा, हाही शाळेचा धडा होऊ शकतो. आणि शीतपेटीत तापमान का राखावे लागते, हे जाळ्यातून आलेली मासळी बर्फात घालणाऱ्या कोळिणीच्या मुलीला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

याउलट वरून येणाऱ्या घोषणांचा कल निराळा दिसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेचे पाठ आणण्याचा मनोदय जाहीर केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, तेव्हा प्रारंभी दहा हजार तरुणांचा आकडा सांगितला गेला. या गोष्टी वाईट आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पण जर्मनीतील तरुण तीन-तीन वर्षे आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत घालवून कारागीर होतो. त्यातील कारखान्यातल्या प्रशिक्षणाचा खर्च तेथील उद्योग स्वतःच्या पैशाने करतात. तयार माणूस हवा असेल तर त्याला घडविण्याचा खर्च उचलावा लागतो, हे तेथील कारखानदारांना कळते. आपल्याकडे प्रशिक्षणार्थी कायदा १९६१ पासून आहे, तरी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन किती कारखाने शेजारच्या शाळेशी नाते ठेवून आहेत हे कोणीही पाहावे.

वाढवणचा पहिला टप्पा या दशकाच्या अखेरीस सुरू होण्याची अपेक्षा आहे. आज पाचवी-सहावीत असलेली मुले त्या सुमारास दहावीच्या उंबरठ्यावर असतील. बंदर उभारणारी कंपनी स्थानिक तरुणांसाठी प्रशिक्षण देणार असल्याचे सांगते. ते प्रशिक्षण अठरा वर्षांनंतरचे. त्याआधीच्या सहा-सात वर्षांचे काय, हे कंपनीने, जिल्हा परिषदेने आणि शिक्षण विभागाने एकत्र बसून ठरवावयास हवे. वाचन-गणिताची उणीव भरून काढणारे जादा शिक्षक आणि पाच-सहा शाळांच्या गटामागे एक सुसज्ज कार्यशाळा व तिला कायम नेमणुकीचा निदेशक एवढ्यापासून प्रारंभ करता येईल. बंदराच्या एकूण खर्चापुढे ही रक्कम नगण्य आहे.

शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे कायद्याने नेमून दिलेले काम आहे. किनारपट्टीवरील आणि जंगलपट्टीतील आपल्या धर्मग्रामांतून अनेक माता-पिता अशा समित्यांवर आहेत. यंदाच्या आराखड्यात कार्यशिक्षणाचा निदेशक मागितला आहे की नाही, हे त्यांनी पुढच्या सभेत विचारावे. मागितला नसेल तर ठराव लिहून घ्यावा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी.